गाडी चालवताना डोकं फिरतं? आधी पाय सांभाळा

मी गाडी शिकवते. म्हणजे दिवसाचा बराचसा वेळ डाव्या सीटवर, पायाखाली जास्तीचा क्लच-ब्रेक, डोळ्यांसमोर जास्तीचा आरसा आणि गाडीच्या पुढेमागे लाल अक्षरातला मोठा 'एल'. हा 'एल' लावून सकाळी दहाच्या सुमारास मानेवाडा चौकातून एकदा निघून पाहा. टायमरवर शेवटचे तीन आकडे उरलेले असतात आणि मागून पोंऽऽ पोंऽऽ सुरू होतं. शिकाऊ माणूस घाबरतो, क्लच फाडकन सोडतो, गाडी बंद पडते, मग मागचा आणखी भडकतो. नागपूरकरांच्या रागावर बोलायचा मला अधिकार आहे तो एवढ्यावरच, की तो सगळा माझ्या डिक्कीमागे येऊन उभा राहतो.

गाडीच्या आतलाही राग मी रोज बघते. माणूस रागावला की डोक्यात जातं म्हणतात. डाव्या सीटवरून ते आधी हातात दिसतं. बोटांची पेरं पांढरी पडतात, अंगठा हॉर्नपाशी जाऊन बसतो, गिअर टाकला जात नाही तर आपटला जातो. मग दात आवळले जातात. आणि शेवटी राग उजव्या पायात उतरतो: रेस दाब-सोड, दाब-सोड, गाडीला आचके. मी म्हणते, "ताई, चिडलात तुम्ही." उत्तर ठरलेलं, "मी कुठे चिडली मॅडम?" खरंच त्यांना कळलेलं नसतं. पायाला कळलेलं असतं.

राग येऊच नये असले उपाय माझ्याजवळ नाहीत, आणि जे सांगतात त्यांनी एकदा सायंकाळी सहाला सीताबर्डीतून गाडी काढून दाखवावी. मी शिकवते ते एवढंच, की राग आला तरी तो पायापर्यंत पोचू द्यायचा नाही. पोचला तर तो तुमचा राहत नाही, रस्त्यावरच्या कोणाच्या तरी अंगावर जातो.

निघायच्या आधीच अर्धं काम

चिडका माणूस गाडीत बसल्यावर चिडका होत नाही. तो तापलेला, तहानलेला, उपाशी किंवा उशीर झालेला असा घरूनच येतो.

आधी उन्हाचं बोलू, कारण आपल्याकडे त्याच्याशिवाय गोष्टच पुढे सरकत नाही. अमेरिकेत फीनिक्स नावाचं वाळवंटातलं शहर आहे. तिथे केनरिक आणि मॅकफार्लेन या दोन संशोधकांनी केलेला एक प्रयोग १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. सिग्नल हिरवा झाला तरी पुढची गाडी मुद्दाम हलवायची नाही, आणि मागचा माणूस हॉर्न कधी आणि किती वाजवतो ते मोजायचं. तापमान जसं चढत गेलं तसे हॉर्न वाढत गेले, आणि ज्यांच्या गाडीच्या काचा खाली होत्या त्यांच्यात हे सगळ्यात ठळक दिसलं. म्हणजे ज्यांना ऊन थेट लागत होतं त्यांच्यात. मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या आपल्या गावाला हे सांगायला फीनिक्सची गरज नाही खरं तर. पण एक उपयोग आहे: दुपारी दोन वाजता आलेला राग निम्मा उन्हाचा असतो हे लक्षात ठेवलं, तर तो सगळाच्या सगळा समोरच्या ऑटोवाल्याच्या नावावर जमा होत नाही.

उन्हात उभ्या गाडीत लगेच घुसून चावी फिरवू नका. आधी दारं उघडा, आतली वाफ बाहेर जाऊ द्या. मग एसी लावून पहिला मिनिटभर काचा थोड्या खाली ठेवा. एक ओला नॅपकिन स्टिअरिंगवरून फिरवा. चटके बसणाऱ्या स्टिअरिंगला माणूस बोटांच्या टोकांनी धरतो आणि मग वळणावर दचकतो. पाणी हाताशी ठेवा, पण दाराच्या कप्प्यात. सीटवर टाकलेली बाटली घरंगळत ब्रेकखाली जाते, आणि तिथे अडकली की रागाचं सोडा, जिवाचं पाहावं लागतं. खिशात कांदा ठेवणारे कांदा ठेवोत, माझा भरवसा पन्ह्यावर आहे. उन्हाळ्यात काही चौकांत हिरवी जाळी लावतात, त्या सावलीत थांबायला मिळालं तर मिळालं. दुचाकीवाले सावली सोडून पुढे यायला तयार नसतील तर त्यांच्या मागे हॉर्न वाजवू नका. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट आहे, आणि तुमच्या डोक्यावर एसी.

उशिराचा हिशेब मी शिकाऊंना कागदावर करून दाखवते. दहा किलोमीटर जायचं आहे. शहरात सरासरी ताशी ३० मिळाली तर २० मिनिटं. आता कट मारून, डिव्हायडरला घासून, दोन सिग्नल पिवळ्यावर तोडून ती सरासरी ३५ वर नेली, तर १७ मिनिटं. तीन मिनिटांची कमाई! पुढच्या लाल सिग्नलला तुम्ही ज्याला मागे टाकलं तोच तुमच्या बाजूला येऊन उभा राहतो, आणि वर बघतो तुमच्याकडे. दहा मिनिटं आधी निघणं हा एवढा कंटाळवाणा उपाय आहे की कोणी तो सांगून पैसे घेत नाही. पण दुसरा कुठलाही उपाय याच्या निम्मासुद्धा चालत नाही.

भूक, झोप आणि घरातलं भांडण यांना वेगळं काय समजावायचं. फोनवर भांडून उठला असाल तर फोन ठेवल्यावर लगेच निघू नका, एवढं केलं तरी पुष्कळ.

तुमचा राग नेमका कशाचा?

सगळ्यांना सगळ्याचा राग येत नाही. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीचे मानसशास्त्रज्ञ जेरी डेफनबाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये गाडी चालवताना येणारा राग मोजायची एक प्रश्नावली केली. त्यात रागाची कारणं सहा गटांत पडली: कोणी हातवारे किंवा शिवीगाळ केली, कोणी नियम मोडला, पोलीस दिसला, पुढचा हळू चालला, कोणी उद्धटपणे घुसला, आणि रस्ताच अडलेला निघाला. मी ही यादी शिकाऊंना वाचून दाखवते आणि विचारते, तुमचं कोणतं? बहुतेकांचं एकच किंवा दोन निघतात. आमच्या एका काकांना ट्रॅफिक जाममध्ये काहीही होत नाही, शांत बसून भजन म्हणतात. पण उलट्या बाजूने येणारी मोटरसायकल दिसली की ते खिडकीतून अर्धे बाहेर.

आपला प्रकार कळला की त्याच्यासाठी एक वाक्य आधीच तयार ठेवायचं. ऐन वेळेला डोकं वाक्य बनवत नाही, ते फक्त शिवी बनवतं. माझ्या गाडीत चालणारी दोन-तीन वाक्यं सांगते.

राँग साइडवाल्यासाठी: 'तो चुकला हे मला सिद्ध करायचं नाही, मला फक्त त्याला लागू द्यायचं नाही.' काकांनी हे वाक्य एका चिठ्ठीवर लिहून स्पीडोमीटरच्या वर चिकटवलं होतं. उलट्या बाजूने येणारा दिसला की बहुतेक जण एक मूर्खपणा करतात, त्याला धडा शिकवायला गाडी मुद्दाम त्याच्या बाजूला दाबतात. तसं करायचं नाही. वेग कमी करायचा, आपली लाइन सोडायची नाही, आणि डिव्हायडरकडे ढकलायच्या ऐवजी त्याला जायला जागा ठेवायची. तो निघून गेल्यावर पुटपुटायचं असेल ते पुटपुटा, काच बंद आहे.

हळू चालणाऱ्यासाठी: 'तो रस्ता अडवायला थांबला नाही, सवारी घ्यायला थांबला आहे.' हे मेडिकल चौकातल्या आणि बर्डीतल्या ई-रिक्षांसाठी. अचानक थांबणं चूकच आहे, ते मी बरोबर म्हणत नाही. पण त्याने ते तुमच्याकडे पाहून केलेलं नसतं. आपण स्वतः घाईत घुसलो तर म्हणतो दवाखान्यात जायचं होतं. दुसरा घुसला तर म्हणतो खानदानच तसं आहे. त्यालाही दवाखाना असू शकतो. मेडिकल चौकात तर असतोच.

उद्धट घुसणाऱ्यासाठी मात्र माझ्याकडे वाक्य नाही, जागा आहे. त्याबद्दल पुढे.

राग आला. आता काय करायचं?

हे सगळं चालत्या गाडीत, डोळे उघडे ठेवून, पाच-सात सेकंदांत करायचं आहे. म्हणून घरी उभ्या गाडीत आधी सराव करा.

पहिल्यांदा अंगठा. हॉर्नवरून काढा. हात पावणेतीनच्या जागी, म्हणजे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना मधोमध, आणि पकड अशी की बोटांत रक्त दिसलं पाहिजे. मग दात. वरचे आणि खालचे वेगळे करा, जीभ सैल सोडा. हे ऐकायला विनोदी वाटतं. पण जबडा सैल सोडून कोणाला शिवी देऊन पाहा, जमत नाही.

मग आरशात एक नजर, आणि मागे कोणी चिकटून नसेल तर उजवा पाय रेसवरून उचलून ब्रेकवर नुसता ठेवा. दाबू नका, ठेवा. माझी सगळी शिकवणी एका वाक्यात सांगायची तर ती हीच आहे. पाय ब्रेकवर असला की तो रेसवर असू शकत नाही. गाडी आपोआप जराशी मंद होते, तुमच्या आणि पुढच्याच्या मध्ये थोडी जागा होते, आणि चार-पाच सेकंद निघून जातात. तेवढ्यात बहुतेक वेळा तो कट मारणारा दोन गाड्या पुढे गेलेला असतो. मग पाय परत रेसवर. ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी चालवायची सवय मात्र लावू नका. मागच्याला उगाच लाल दिवा दिसत राहतो आणि ब्रेकही झिजतात.

पाठोपाठ श्वास. नाकाने घेताना मनात चार मोजा, सोडताना सहा. सोडायचा श्वास घ्यायच्या श्वासापेक्षा लांब हवा, गंमत तिथे आहे. राग आला की शरीरात अ‍ॅड्रेनालिन सुटतं, छातीत धडधड वाढते, स्नायू ताठ होतात आणि नजर अरुंद होते. तो एकच माणूस दिसत राहतो, बाजूने येणारी सायकल दिसत नाही. श्वास सावकाश सोडला की व्हेगस नावाच्या मज्जातंतूच्या मार्फत हृदयाचे ठोके मंदावतात. ६० सेकंदांच्या लाल सिग्नलवर असे सहा श्वास आरामात बसतात. तेवढा वेळ आपण एरवी टायमरकडे डोळे वटारून बघण्यात घालवतो.

सिग्नलवरून आठवलं. लांब सिग्नलला गाडी न्यूट्रलला टाका, हँडब्रेक ओढा, दोन्ही पाय मोकळे करा. पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून मिनिटभर उभा राहणारा माणूस निम्मा चिडलेलाच असतो, कारण त्याची मांडी थरथरत असते आणि त्याला वाटतं राग सिग्नलचा आहे. नव्या ड्रायव्हरांना हे मी पहिल्याच आठवड्यात सांगते. जुन्यांना सांगितलं की ते म्हणतात, आम्ही वीस वर्षांपासून चालवून राहिलो.

दोन सेकंदांची जागा

उद्धट घुसणाऱ्याचं औषध आपल्या गाडीच्या पुढे असतं. वर्धा रोडवर वर मेट्रो, मधे उड्डाणपूल आणि खाली आपण. तिथले पिलर हे शिकायला फार सोयीचे आहेत. पुढची गाडी एका पिलरपाशी पोचली की म्हणायला सुरुवात करा: एकशे एक, एकशे दोन. हे पूर्ण म्हणायच्या आधी तुम्ही त्याच पिलरपाशी पोचलात तर तुम्ही फार जवळ आहात. ताशी ४० ने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, म्हणजे दोन सेकंदांत २२ मीटर. पावसात ही जागा आणखी वाढवा.

लगेच प्रश्न येतो, "मॅडम, नागपुरात एवढी जागा सोडली तर तीन जण घुसतील ना!" घुसतील. घुसणारा घुसणारच. एक घुसला की पाय थोडा उचला, परत दोन सेकंद करा. प्रत्येक घुसणाऱ्यामागे तुमचे दोन सेकंद गेले. घरी पोचेपर्यंत दहा जण घुसले तर २० सेकंद. त्यांच्याशी झुंजायला बंपरला बंपर लावून चालवलं तर पूर्ण वेळ पाय ब्रेक-रेस-ब्रेक करत राहतो, आणि तुम्ही घरी पोचता ते कोणाला तरी ओरडायचं ठरवूनच. जागा सोडणाऱ्या माणसाला राग कमी येतो हे मी स्वभावाने चिडक्या माणसांतही पाहिलं आहे. त्यांना दचकावं लागत नाही, म्हणून.

गोल चौकातही हेच. सर्कलमध्ये आधीच फिरत असलेल्या गाडीचा पहिला हक्क, हा नियम आहे. आपल्याकडे पहिला हक्क ज्याचा हॉर्न मोठा त्याचा असं समजतात. तुम्ही नियमाने थांबलात आणि मागचा ओरडला, तर ओरडू द्या.

हॉर्नविषयी थोडं. छोटा 'पिप' म्हणजे मी इथे आहे. दाबून धरलेला म्हणजे मला तुझा राग आला आहे. पहिल्याची गरज पडते, दुसऱ्याने आजवर एकही सिग्नल लवकर हिरवा झालेला नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनाकारण हॉर्न वाजवणं किंवा शांतता क्षेत्रात वाजवणं याला कलम १९४ एफ खाली पहिल्या वेळेला १,००० आणि नंतर २,००० रुपये दंड आहे. आणि मागून वाजला तर? आरशात बघा, रुग्णवाहिका आहे का ते पाहा, नसेल तर तो आवाज पावसासारखा समजा. मी 'एल'च्या गाडीत बसून हेच करते, दुसरं करणार काय.

समोरचाच भडकला तर

इथे दोघांचा नाही, एकाच माणसाचा राग सांभाळायचा आहे, तुमचा. नजरेला नजर देऊ नका. काच वर असेल तर वरच राहू द्या. तळहात दाखवून हात वर करा आणि मान थोडी झुकवा. चूक त्याची असली तरी. नागपुरात 'सॉरी भाऊ, जा तुम्ही' या चार शब्दांना जेवढी किंमत आहे तेवढी ड्रायव्हिंग लायसन्सलाही नाही. समोरचा 'काहून बे?' म्हणायच्या तयारीने आलेला असतो. त्याच्या तयारीला उत्तरच मिळालं नाही की तो दोन क्षण थांबतो, काहीतरी पुटपुटतो आणि निघून जातो. माझ्या शिकाऊ पोरांना हे कमीपणाचं वाटतं. बायांना वाटत नाही, त्यांना असल्या वेळी काय करायचं ते आधीपासून माहीत असतं.

गाडीतून उतरू नका. रस्त्यावरच्या मारामाऱ्या गाडीत होत नाहीत, उतरल्यावर होतात. थोडं घासलं, आरसा तुटला, असं काही झालं तर गाडी कडेला घ्या, हझार्ड लाइट लावा, कोणाला लागलं का ते आधी बघा. मग दोन्ही गाड्यांचे आणि नंबर प्लेटचे फोटो. विम्याचं काम फोटोवर होतं, आवाजावर होत नाही. कोणाला लागलं असेल तर वाद राहू द्या, आधी दवाखाना आणि पोलीस.

कोणी मागेच लागला, वळलात तिथे वळून राहिला, तर घरी जाऊ नका. त्याला तुमचं घर कशाला दाखवायचं? पोलीस ठाणं, नाहीतर गर्दीचा पेट्रोल पंप. दारं लॉक करा आणि ११२ ला फोन लावा. बाजूला बसलेल्याने लावला तर उत्तम.

आणि भडकणारे आपणच असू तर कायदा काय म्हणतो तेही माहीत असावं. धोकादायक गाडी चालवण्यासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. बेदरकार चालवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ वेगळं. कोणी कट मारला म्हणून त्याला गाठून परत कट मारणाऱ्याला 'सुरुवात त्याने केली' म्हणून सुटता येत नाही.

गाडीतली माणसं

रस्त्यावरच्या माणसांपेक्षा हा विषय अवघड. नवरा मागच्या सीटवर बसून बायकोला शिकताना बघायला येतो, तो दिवस मला सगळ्यात लांब वाटतो. "अगं दाब ना, तो घुसून राहिला!" "आता काहून थांबली?" "गिअर, गिअर!" मी पुढे, तो मागे, आणि बिचारी तिसरीच दिशा पकडते. खामल्याला एकदा एका ताईंनी शांतपणे इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि म्हणाल्या, "तुम्हीच चालवा मग." नवरा गप्प. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. भांडण होणार असं दिसलं की गाडी थांबवून भांडायचं, हे मी शिकवायच्या आधीच त्यांना येत होतं.

तेव्हापासून मागच्या सीटसाठी एक नियम केला आहे. बोलायचं ते फक्त खरा धोका दिसला तर, आणि एकच शब्द: 'थांब'. बाकी सूचना घरी पोचल्यावर, चहासोबत. गप्प बसवत नसेल अशा माणसाला काम द्या. नकाशा बघायला सांगा, पार्किंगची जागा शोधायला सांगा, टोलचे पैसे हाताळायला सांगा.

लेकरं असतील तर तोंड सांभाळा. एका ताईंचा लहान मुलगा आईच्या शिकवणीला मागे बसून यायचा. ऑटो आडवा आला की आई काही म्हणायच्या आत मागून त्याचा आवाज यायचा, "दिसत नाही का बे?" अगदी बाबांच्या चालीत. ताई म्हणाल्या, घरी गेल्यावर सांगते यांना.

नागपूरचं कॅलेंडर, समृद्धी आणि गाडी घरी ठेवायचे दिवस

रस्ता अडल्याचा राग हा बहुतेक वेळा आधी न विचारल्याचा राग असतो. आपल्या गावातले अडथळे ठरलेले आहेत. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे होतं, आणि साधारण डिसेंबरात सिव्हिल लाइन्स, झिरो माइल, व्हरायटी चौक या भागात मोर्चे आणि बंद रस्ते असतात. रामनवमीला पोद्दारेश्वर राम मंदिराची शोभायात्रा. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. लांबून, पायी, लेकरं कडेवर घेऊन आलेल्या माणसांवर हॉर्न वाजवायचा नसतो, रस्ता बदलायचा असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालात मारबती आणि बडगे, म्हणजे मोठाले पुतळे, निघतात, त्या दिवशी तिकडे चारचाकी नेणाऱ्याला मी काही बोलत नाही. 'घेऊन जा गे मारबत' म्हणत लोक रोगराईपासून महागाईपर्यंत सगळं गावाबाहेर पाठवतात. मला विचाराल तर राँग साइडवाल्यांचा एक बडग्या दरवर्षी निघायलाच हवा. वाहतूक बदलाच्या सूचना वर्तमानपत्रात आधी येतात, त्या वाचा.

समृद्धी महामार्गावरचा राग वेगळा असतो. ७०१ किलोमीटरचा सरळ रस्ता, कारला १२० ची मर्यादा, आणि उजव्या लेनमध्ये आरामात चाललेला ट्रक. एकदा डिपर द्या, थोडं थांबा, तो सरकला की जा. डावीकडून झूम करून काढू नका. तिथे कंटाळाही रागाचं रूप घेतो, म्हणून दीड-दोन तासांनी उतरून पाय मोकळे करा.

काही लोकांचा राग मात्र रस्त्यावर सुरू होत नाही आणि रस्त्यावर संपतही नाही. घरी, ऑफिसात, सगळीकडे तो सोबत असतो, रोज असतो. हात उगारला जातो, झोप लागत नाही, नंतर रडू येतं. त्यांना माझ्या अंगठ्या-पायाच्या युक्त्या पुरणार नाहीत. १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. बीपी तपासून घ्या, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गाडीचं सर्व्हिसिंग वेळेवर करणारी माणसं या बाबतीत का लाजतात कोण जाणे.

आणि ज्या दिवशी उठल्यापासूनच सगळ्यांवर खेकसणं सुरू आहे, त्या दिवशी चावी खुंटीवरच राहू द्या. मेट्रोची ऑरेंज लाइन खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत जाते, अ‍ॅक्वा लाइन लोकमान्य नगरपासून प्रजापती नगरपर्यंत, आणि दोन्ही सीताबर्डीला बदलता येतात. खिडकीची जागा मिळाली तर वर्धा रोडवरचा जाम वरून बघा. खाली कोणीतरी हॉर्न दाबून बसलेला असतो, वर ऐकू येत नाही.